रांगून पाहिलेलं घर

"आता रांगायचं," तपासनीस बाई म्हणाल्या आणि खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवून त्या खरोखरच गुडघे मोडून खाली बसल्या.

तिला आधी वाटलं, बाई थट्टा करताहेत. इतका वेळ सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. बाईंनी बाल्कनीची जाळी हलवून पाहिली होती, औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं होतं, गरम पाण्याच्या नळाखाली कोपर धरलं होतं, गॅसची बटणं लहान हातांना फिरतात का ते बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी समाधानाने "हं" करून त्या पुढे सरकल्या होत्या. घरात पाळणाघर चालवायचं तर काय काय लागतं हे तिने विचारून विचारून पाठ केलं होतं, पण त्यात रांगणं कुणी सांगितलं नव्हतं. "बघताय काय?" बाई खालून म्हणाल्या. "घर उभ्याने कळत नाही हो. पोर जिथून बघतं तिथून बघावं लागतं. मी प्रत्येक घरात रांगते. गुडघ्यांची पार वाट लागलीय, पण करणार काय. या, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते. घर तुमचं." कडेवरची ठमी एव्हाना खाली उतरायला धडपडू लागली होती. ठमी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या नर्सची दोन वर्षांची मुलगी. तपासणीच्या वेळी घरात एखादं मूल असलेलं बरं, तुम्ही त्याच्याशी कशा वागता ते आम्हाला बघायचं असतं, असं बाईंनी आधीच फोनवर सांगितलं होतं, आणि रात्रपाळी करून आलेल्या नर्सने लेकीला मोठ्या उत्साहाने वर पाठवलं होतं. परवाना मिळाला की ठमी रोज इथेच राहणार होती. मोठ्या बायका रांगणार म्हटल्यावर तिच्या आनंदाला पारावार उरला नाही.

ठमीला खाली सोडून तिने तळवे फरशीवर टेकले. फरशी गार होती. त्या गारव्यासरशी मानेपासून कमरेपर्यंत सगळी कातडी आपोआप आक्रसली, डोकं खांद्यांत गेलं आणि ती जागच्या जागी थांबली. झालं काहीच नव्हतं. भरदुपार होती, ऊन सोफ्याच्या पायापाशी आलं होतं, मागे एक वयस्कर बाई धापा टाकत होती आणि पुढे एक पोर टाळ्या पिटत होतं. पण अंगाला हे कोण समजावणार? अंगाला एवढंच ठाऊक होतं की आपण खाली आहोत, आणि खाली असलं की वरून येतं. तिने दात आवळले, एक हात पुढे टाकला, मग गुडघा, मग दुसरा हात. घर वर वर गेलं. खुर्च्यांचे पाय मोठे झाले, भिंती लांब गेल्या, कपाटाखालचा काळोख डोळ्यांसमोर आला, आणि तिच्या लक्षात आलं की यातलं काहीही आपल्याला नवीन नाही. हे सगळं आपण पाहिलेलं आहे, निवांत, गाल टेकवून, कितीतरी वेळ.

जेवणाच्या टेबलाखाली ती पोचली तेव्हा वर बघायची गरजही नव्हती. वरून चकचकीत पॉलिश केलेलं ते टेबल खालून अगदी ओबडधोबड होतं आणि सुताराने पेन्सिलीने काढलेला एक बाण तिथे तसाच राहिला होता. कुठली फळी कुठल्या बाजूला लावायची याची त्याची खूण. पहिल्यांदा मार खाल्ला तेव्हा ती तो बाण बघत पडून राहिली होती. कशावरून झालं होतं? नवऱ्याच्या कामावरची माणसं चहाला आली होती, आणि गप्पांच्या भरात ती म्हणाली होती की हे असे घोरतात की शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे गिरणी घातलीय. सगळे हसले. नवराही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. माणसं गेल्यावर त्याने स्वतः कप विसळले, ओळीने पालथे घातले, हात पुसले, टॉवेलची घडी करून दांडीवर टाकली, आणि मग तिच्याकडे वळून तिला मारलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. तिला दुखलं त्यापेक्षा नवल वाटलं होतं. माणसाचा तोल जातो, हात उठतो, हे तिने ऐकलं होतं, पण टॉवेलची घडी घालून उठणारा हात तिला ठाऊक नव्हता. खाली पडल्या पडल्या तिला वाटलं, आता हा रडेल, माफी मागेल, आपण समजूत काढू. तो दिवाणावर बसला आणि त्याने पाय हलवत बातम्या लावल्या. तो बाण दाराकडे होता. उठून जायचं तर बाणाने वाटही दाखवली होती, असा एक फालतू विनोद पुढे कधीतरी तिला सुचला होता आणि तो सांगायला कुणी नाही म्हणून ती एकटीच हसली होती.

"इथे बघा, खिळा वर आलेला असतो बरेचदा," मागून बाई म्हणाल्या. "तो मी ठोकला," ती म्हणाली. "अरे वा. आणि ही चपलांच्या कपाटाची कड?" "तिला पट्टी लावली." "दाराच्या चौकटीखालची पत्र्याची पट्टी?" "ती काढूनच टाकली." बाई थांबल्या, बसल्या बसल्याच त्यांनी भोवताली पाहिलं. सोफ्याच्या हाताखाली फोम, टीपॉयच्या चारी टोकांना फोम, दिवाणाच्या लाकडाला आतल्या बाजूनेही फोम, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेसुद्धा. "किती वर्षं हे काम करतेय मी," बाई म्हणाल्या, "पण इतकं बारीक पाहणारी बाई नाही बघितली. लोक वरवरचे चार कोपरे झाकतात आणि मला चहा पाजतात. तुम्ही अगदी पोराच्या नजरेनं बघितलंय घर." तिच्या पोटातून हसू उसळून आलं आणि तिने ते खोकून गिळलं. या टीपॉयच्या टोकाने भुवई फुटली होती. दिवाणाच्या आतल्या कडेवर बरगडी आपटली होती आणि पुढे कितीतरी दिवस शिंक आली की डोळ्यांत पाणी यायचं. त्या पत्र्याच्या पट्टीवरून तिला केसांना धरून आतल्या खोलीत ओढत नेलं तेव्हा पायाची सोललेली कातडी तिथे राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी तिनेच ती पुसली होती. पोराच्या नजरेची गरज काय होती? घर तिच्या अंगाला तोंडपाठ होतं. संताप आला तिला, बाईंचा, त्यांच्या कौतुकाचा, स्वतःच्या नेटकेपणाचा. आपल्या हाडांनी शोधलेले कोपरे आपण मन लावून, कात्रीने मापात कापून, गोंद लावून मऊ केले, आणि आता त्याचं बक्षीस घ्यायला रांगत निघालो आहोत.

तिला मूल नव्हतं. बायका हळहळायच्या आणि ती चेहरा पाडून मनात हुश्श करायची. त्या एका बाबतीत तिच्या शरीराने तिचं ऐकलं होतं. पण मुलं तिला मनापासून आवडत, आणि मुलांना ती. ठमी तर स्वतःच्या आईला सोडून तिच्याकडे झेप घ्यायची. म्हणून तिने पाळणाघराची कल्पना काढली तेव्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. नवऱ्याला तर ती भलतीच पसंत पडली. त्याआधी तिने एका कपड्यांच्या दुकानात काम धरायचं ठरवलं होतं, मालकिणीशी बोलणंही झालं होतं, आणि ते सांगितल्यावर नवऱ्याने कपाटात हँगर लावत असलेला तिचा हात तसाच आत राहू देऊन कपाटाचं दार लावलं होतं. सावकाश लावलं होतं, शेवटपर्यंत. त्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नसत. पण पाळणाघर म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "घरबसल्या! याहून चांगलं काय असतं?" असं म्हणून त्यानेच बाल्कनीला जाळी लावली, त्यानेच सॉकेटांना झाकणं बसवली. बायको दिवसभर घरात, दाराबाहेर पाय टाकायचा नाही, कधी फोन केला तरी मागे पोरांचा आवाज. त्याला हेच हवं होतं. आणि तिला नेमकं उलटं हवं होतं. एवढ्या वर्षांत लोकांच्या देखत त्याने तिला बोटही लावलं नव्हतं. तो थांबायचा. पाहुणे जाईपर्यंत, शेजारचा पोरगा वर्तमानपत्र परत देऊन जाईपर्यंत, टॉवेल वाळत घातल्यासारखा राग वाळत घालून थांबायचा. मग घर माणसांनी भरूनच टाकलं तर? सकाळी आया येतील, दुपारी आज्या येतील, संध्याकाळी कुणाचा तरी बाप उशीर झाला म्हणून माफी मागत उभा राहील, बेल वाजतच राहील, आणि दिवसभर चार-सहा पोरं टकामका बघत बसलेली असतील. इतक्या डोळ्यांपुढे तो काय करणार? एवढाच तिचा बेत होता. त्याला ती मनात बेतसुद्धा म्हणत नसे, कारण तो शेवटपर्यंत विचार करून बघायची तिची छाती नव्हती. परवाना मिळाला तर ती वाचणार होती, नाही मिळाला तर या घरात ती आणि तो, दोघंच.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. साऱ्या बिल्डिंगचा लाडका होता. कुणी अडकलं की हातातला घास टाकून धावायचा, फटीतून अडकलेल्या म्हाताऱ्यांशी असा प्रेमाने बोलायचा की बाहेर आल्यावर त्या त्याची अलाबला घ्यायच्या. तिने त्याला दिवसातून एकदा तरी मारून टाकलं होतं, अर्थात मनात. कधी लिफ्टचा दोर सुटायचा, कधी तो खड्ड्यात उतरलेला असताना वरून लोखंडी डबा यायचा, कधी ती स्वतःच हळूच जाऊन बटण दाबायची. मग कपडे वाळत घालता घालता ती त्या खड्ड्यात डोकावून बघायची, आणि तिथे जे दिसायचं ते बघून तिला भूक लागायची. पण लिफ्ट काही पडायची नाही. तो कामाला चोख होता.

स्वयंपाकघरात पोचल्यावर बाईंनी ओट्याला धरलं आणि कण्हत, स्वतःलाच शिव्या घालत त्या उठल्या. उठताना त्यांचा हात वर भिंतीतल्या कपाटाला लागला आणि तिथेच राहिला. कपाटाच्या खालच्या टोकाला फोमचा एक तुकडा होता. इतर ठिकाणांपेक्षा जाड, दोन थरांचा, कडेने चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवलेला. बाईंच्या कपाळाच्या बरोबर समोर होता तो. तिच्याही कपाळाच्या समोर. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि तिला एकदम दिसलं की आपण काय करून बसलो आहोत. महिनाभर ती घर मऊ करत फिरत होती, एक कोपरा, मग दुसरा कोपरा, आणि हात कामाच्या नादात इथवर येऊन गेले होते. तिला कळलंही नव्हतं. "इथे कशाला?" बाईंनी विचारलं. "इथवर मूल पोचत नाही." "तुकडा उरला होता," ती म्हणाली. "उरलेला तुकडा दोन थर लावून बसवला?" बाईंनी अंगठ्याने फोम दाबून पाहिला. तो दबला आणि हळूहळू पुन्हा वर आला. त्या काही लिहीतही नव्हत्या. "घरात आणखी कोण असतं?" त्यांनी विचारलं. "नवरा. येतीलच ते एवढ्यात. तुम्हीच म्हणाला होतात, दोघांनी असायला हवं." "हो, मीच म्हणाले होते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा त्या तुकड्याकडे बघू लागल्या.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. तो आवाज तिच्या कानात शिरतो न शिरतो तोच ती वाकली होती, सरळ झाली होती, आणि ठमी तिच्या हातांत होती. "बघा," बाई म्हणाल्या, आवाजात पुन्हा जरा ऊब आणून, "दाराचा आवाज झाला की पहिलं मूल उचललंत. सांगावं नाही लागलं." पण ती आपल्या हातांकडे बघत होती. मुलाला कडेवर घ्यायची तिची एक रीत होती, उजव्या कमरेवर, एक हात पाठीशी, मुलाचं तोंड आपल्या मानेकडे. हे तसं नव्हतं. ठमीची पाठ तिच्या छातीला टेकली होती, तोंड दाराकडे होतं, पाय मोकळे लोंबत होते, आणि तिचे दोन्ही हात पोरीच्या पोटावर एकमेकांत अडकवलेले होते. असं तिने यापूर्वी खूप काही धरलं होतं. उशी धरली होती, पातेल्याचं झाकण धरलं होतं, एकदा खुर्ची धरली होती आणि खुर्चीचा पाय मोडून तिच्याच तोंडात बसला होता. किल्ली फिरली की हात जे मिळेल ते उचलायचे आणि पुढे धरायचे. आज ओट्याजवळ ठमी होती. पोरगी खुश होती, टाचांनी तिच्या मांड्यांवर ठोसे देत होती, तिच्या केसांना दुधाचा वास येत होता. हात सोड, तिने स्वतःला बजावलं, आणि हात सुटले नाहीत, उलट आणखी आवळले, कारण तो आत आला होता.

"अरे वा, मोठ्या बाई हजर!" असं म्हणत तो थेट ठमीकडे आला आणि त्याने हात पुढे केला. तिने मान खाली घातली. ठमीच्या डोक्यामागे तिने आपला चेहरा लपवला, आणि त्याने ठमीचा गाल दोन बोटांत धरून हळूच हलवला. "आणि या खऱ्या मोठ्या बाई," बाईंकडे वळून तो म्हणाला, "माफ करा हं, एक लिफ्ट मधेच रुसून बसली होती. हिने चहा तरी दिला का?" तो हसला की समोरच्यालाही हसू यायचं. बाईंना आलं नाही, की तिला तसं वाटलं. सगळे बाहेरच्या खोलीत आले. बाईंनी त्याला कामाच्या वेळा विचारल्या, तब्येत विचारली, दारू विचारली. त्याने सगळं खरं सांगितलं, कारण दारू तो पीत नसे. "राग येतो?" बाईंनी विचारलं. "मला?" तो म्हणाला. "आत अडकलेली माणसं मला आईवरून शिव्या देतात हो, आणि मी त्यांना विनोद सांगतो. विचारा हिला." "तिला विचारेनच. तुम्हाला विचारतेय." त्याच्या डोळ्यांत काहीतरी क्षणभर हललं, तिच्या वाटणीचं. "नाही येत," तो म्हणाला. "ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग आता तुम्हीही रांगून घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने घर खालून बघायचं, असा माझा नियम आहे."

मग मोठ्याने हसून त्याने बाह्या दुमडल्या. "घोडा करू का ठमीचा?" असं म्हणत तो चक्क खाली बसला, तळवे टेकले आणि मान हलवत खिंकाळला. ठमीला ते बघून राहवेना. ती हातांतून सुटायला वळवळू लागली, आणि पोरीच्या त्या धडपडीनेच अखेर तिचे हात उघडले. "हिला धरता जरा?" ती बाईंना म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. बाईंनी ठमीला घेतलं. आता तिच्या हातांत काही नव्हतं. तो टेबलाकडे रांगत गेला. वरून तो तिने असा कधी पाहिला नव्हता. डोक्याच्या मागे केस विरळ झाले होते, मानेवर एक तीळ होता, शर्ट वर सरकून कमरेवरचा पांढरा मांसल पट्टा दिसत होता. एवढंच होतं हे माणूस. कुणीही उचलून काहीही घालू शकलं असतं त्याच्यावर. टेबलाखाली डोकं घालून तो मागे वळला, खालून तिच्याकडे बघत हसला आणि म्हणाला, "अगं, काय ही धूळ! पुसत नाहीस का इथे?"

धूळ नव्हती. आज सकाळीच तिने तिथे फडकं फिरवलं होतं, आणि असतीही तरी प्रश्न धुळीचा नव्हता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, लोकांपुढचा, हसरा, आणि बाकीचं नंतर असं सांगणारा. रांगायला लावलं त्याची किंमत ठरली होती. ती एक पाऊल पुढे गेली आणि तिने त्याच्या बरगडीत लाथ घातली. पाय नीट बसला. आतून एक बोदा आवाज आला आणि तो कुशीवर कलंडला. दुसरी लाथ कमरेत बसली, त्याचं डोकं टेबलाच्या पायावर आदळलं, आणि त्या पायाला तिनेच फोम लावला होता म्हणून ती मनात कडाकडा स्वतःलाच शिव्या घालत होती. तिला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका, ओरडावंसं वाटेल इतका आनंद. पायातून तो वर येत होता, मांडीत, पोटात, छातीत, आणि तिला आणखी हवा होता. "अहो! अहो, काय करताय!" बाई ओरडल्या. तिसऱ्या लाथेसाठी तिने पाय मागे घेतला. आता तोंडावर, नाकावर, दातांवर, त्या हसण्यावर. आणि बाईंच्या कडेवरून ठमीने टाळ्या पिटल्या. "पुना!" ती किंचाळली. "पुना कल!" हसून हसून पोरीचा चेहरा लाल झाला होता. घोड्याला लाथ मारायचा असा छान खेळ तिने यापूर्वी बघितला नव्हता, आणि ती आपला इवलासा पाय बाईंच्या पोटावर आपटून तो शिकत होती.

तिने पाय खाली टेकला. तो तिच्याकडे बघत होता, एक हात बरगडीवर धरून. त्याच्या डोळ्यांत आधी भीती होती. खरीखुरी, पोरकट भीती, आणि ती बघायला मिळाली म्हणून ती पुढे कितीही मार खायला तयार झाली असती. मग ती भीती मागे गेली आणि तिथे हिशोब आला. तो हसला. "घसरला पाय हिचा," तो बाईंना म्हणाला. "फरशी गुळगुळीत आहे ना. तेवढं बघावं लागेल, पोरांच्या दृष्टीनं." हे वाक्य तिचं होतं. डॉक्टरांपुढे, शेजारणींपुढे, फोनवर आईपुढे तिने ते इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला पाठ झालं असावं. त्यालाही परवाना हवा होता. बाई तिच्याकडे वळल्या. "पाय घसरला का तुमचा?" त्यांनी विचारलं, आणि त्या थांबल्या. घाई न करता थांबल्या.

हो म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि तिला हो म्हणावंसं वाटत होतं, मनापासून. बाई कदाचित विश्वास ठेवत, कदाचित नाही, पण नवरा-बायको दोघंही एकच सांगताहेत म्हटल्यावर त्यांचा इलाज चालला नसता. उद्यापासून ठमी येईल, मग दुसरी कुणी, मग तिसरी. दिवाणावर दुपट्यांची चळत, दाराशी इवल्या चपला, झोपलेल्या पोरांचे घामेजलेले गळे. तिने या सगळ्याची इतकी वाट पाहिली होती की तोंडात चव आली. बेल वाजत राहील, तो थांबत राहील. आणि एखाद्या दिवशी तो नाही थांबणार, किल्ली फिरेल, आणि जे हाताला लागेल ते तिचे हात उचलतील. हे हात तिच्या ताब्यात नव्हते. पायही नव्हता, हे आता कळलं होतं. या घरात हिंसा फक्त त्याची होती असं ती इतकी वर्षं समजत होती, आणि आज ती आपल्यातही बघून तिला किळस आली नव्हती, मजा आली होती.

"नाही घसरला," ती म्हणाली. "मी मारलं. हा मला मारतो, म्हणून मारलं. लग्न झाल्यापासून मारतो."

"अगं..." तो म्हणाला.

"थांब. आणि बाई, मघाशी मी ठमीला उचललं ना, तुम्ही कौतुक केलंत. मी तिला वाचवायला नव्हतं उचललं. माझ्यापुढे धरायला उचललं होतं. याने मारलं असतं तर आधी तिला लागलं असतं. मला कळलं पण नाही मी काय करतेय. तुम्ही या घराला परवाना नका देऊ. कुणाचीच पोरं नकोत इथे."

बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पायाचा अंगठा ठणकत होता. तो उठला, कपडे झटकले, दुखत असतानाही सावकाश, आत येताना उघडंच राहिलेल्या दाराशी जाऊन उभा राहिला. "हिची तब्येत बरी नसते, बाई," तो म्हणाला. "तुम्ही बसा. मी चहा टाकतो. ठमीला दे इकडे." बाईंनी एका हाताने पिशवी उचलली. ठमी त्यांच्या दुसऱ्या हातावर होती आणि आता तिला हसू येईनासं झालं होतं. "चपला घाला," बाई तिला म्हणाल्या. मग त्याला म्हणाल्या, "बाजूला व्हा. मूल घेऊन उतरायचंय मला." त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली. हात मुठीत गेले, उघडले, पुन्हा गेले. ती त्या हातांकडे बघत चपला शोधत होती, पायाने चाचपडत, कारण नजर काढायची सोय नव्हती. एकीत पाय गेला. मग दुसरीत. तो बाजूला झाला. बाईंपुढे, ठमीपुढे, समोरच्या घराच्या उघड्या दारापुढे तो हसून बाजूला झाला. म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता, तिला वाटून गेलं. डोळ्यांपुढे तो खरंच थांबतो.

जिन्यात एका पायरीवर थांबून बाईंनी मागे बघितलं, ती येते आहे ना ते. वर दार लागल्याचा आवाज झाला नव्हता. तो दारात उभा राहून ऐकत असणार. तिच्यापाशी पर्स नव्हती, फोन नव्हता, अंगावरचे कपडे रांगून गुडघ्यापाशी चुरगळले होते. कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं आणि ते विचारायचंही बळ तिच्यात नव्हतं. खालच्या मजल्यावर बाईंनी बेल दाबली. नर्सने दार उघडलं ते झोपेने सुजलेल्या डोळ्यांनी, केस मोकळे, एका गालावर उशीची घडी उमटलेली. पण दोघींना बघून तिचा चेहरा उजळला. "मिळाला ना?" ती म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं, ताई? तुम्हाला नाही तर कुणाला देणार! मी उद्याच सुपरवायझरला सांगून टाकते, दिवसपाळी घेते म्हणून."

बाईंनी ठमीला आईकडे दिलं. ठमी आईकडे गेली आणि लगेच उलटी वळून तिच्याकडे झेपावली, नेहमीसारखी, आता हिने घ्यायचं अशा हक्काने.

"हिला माझ्याकडे कधी ठेवू नकोस," ती म्हणाली.

नर्सला कळेना. तिने बाईंकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. "असं काय बोलता, ताई? काही केलं का हिने? त्रास दिला?"

"हिने नाही काही केलं."

ठमीला कुणी घेईना तेव्हा तिने भोकाड पसरलं. आईच्या खांद्यावरून अर्धी बाहेर लोंबत, दोन्ही हात लांब करून ती रडू लागली, आणि नर्स तिला सावरत "ताई, घ्या ना जरा, तुमच्याकडेच गप्प होते ती," असं म्हणत एक पाऊल पुढे आली. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट धरले, आणि ती बाईंच्या पाठोपाठ जिना उतरू लागली.